वन्सं लोकर निवडायच्या तेव्हा

फोन आला तेव्हा मी मस्कतमध्ये, बौशरला आमच्या इमारतीखालच्या दुकानात मेथीच्या जुड्या उलटसुलट करून बघत होते आणि "ही मेथी आहे की गवत?" म्हणून दुकानातल्या मल्याळी भावाला धारेवर धरत होते. फोनवर वन्संचा नंबर. हातातली जुडी न सोडता मी म्हटलं, "बोला वन्सं, आज काय चुकलं माझं?" पलीकडून बोलली ती उम्म सालिम. उम्म सालिम म्हणजे सालिमची आई. तिच्या डोंगरावरच्या शेतावर वन्सं राहायच्या आणि कामही करायच्या. तिनं मला आजवर कधी फोन केला नव्हता, आमचं सगळं बोलणं वन्संच्या मार्फतच. "सुमा," ती तिच्या मोडक्या हिंदीत म्हणाली, "कुमू खलास." इथे ओमानात खलास हा शब्द आम्ही दिवसभर तोंडात घोळवतो. दूध खलास, पेट्रोल खलास, ड्युटी खलास... माणसाबद्दल मी तो पहिल्यांदाच ऐकला. मी खुळ्यासारखं विचारलं, "खलास म्हणजे? कुठे गेल्या?" तेव्हा ती रडायला लागली. दुपारची नमाज झाल्यावर ती वन्संना कॉफीला बोलवायला गेली, तर त्या लोकर निवडायच्या खोलीत खुर्चीवर बसलेल्या, मान जरा कलंडलेली, मांडीवर काम तसंच. हृदय, म्हणाले डॉक्टर. मेथी मी तिथेच ठेवली आणि चप्पल घातलेली असूनही चप्पल शोधत राहिले.

त्याला आता सहा-सात आठवडे होऊन गेले. वन्सं म्हणजे माझी नणंद, कुमुद. यांची थोरली बहीण. नणंदेला वन्सं म्हणायची पद्धत आता कुठे राहिलीय? मी लग्नानंतर त्यांना चिडवायलाच म्हणायला लागले, कारण बाई मोठ्या करारी, आणि मला करारी माणसाची खोडी काढल्याशिवाय चैन पडत नाही. त्यांनीही मग जशास तसं मला "सुमे" करून टाकलं. सासरे फार लवकर गेले. वन्संनी लॅब टेक्निशियनचा कोर्स केला, चिपळूणहून निघाल्या त्या थेट इथे ओमानात, निझवा गावी येऊन थडकल्या, आणि तिथल्या एका दवाखान्याच्या लॅबमध्ये नोकरी करून धाकट्या भावाला इंजिनिअर केलं. लग्न राहून गेलं. त्या तसंच म्हणायच्या, "राहून गेलं," जसं काही इस्त्रीचे कपडे आणायचे राहून गेले. पुढे हे मस्कतला नोकरीला आले तेही त्यांच्याच आग्रहानं. निझव्याच्या बाजारात त्यांच्याबरोबर फिरणं म्हणजे एक मजाच होती. निम्म्या गावाचं रक्त त्यांनी काढलेलं. खजुराच्या दुकानातली म्हातारी त्यांना बघितलं की मुद्दाम बाही वर करून दंड पुढे करायची आणि मोठ्यानं हसायची. वन्संही नाडी बघितल्यासारखं करून मूठभर खजूर उचलायच्या.

मग त्या निवृत्त झाल्या आणि खरा प्रश्न उभा राहिला. इथे नोकरी संपली की व्हिसा संपतो, आणि व्हिसा संपला की माणसानं निघायचं. आमच्या जेवणाच्या टेबलावर त्यावरून जे काही झालं ते मी विसरणार नाही. हे म्हणाले, "ताई, त्यात एवढं काय? चिपळूणला माझा फ्लॅट रिकामाच आहे, तिथे राहा. मन होईल तेव्हा व्हिजिटवर आमच्याकडे ये." वन्संनी भाताचा घास खाली ठेवला. "तुझ्या फ्लॅटमध्ये मी कोण म्हणून राहू रे अवि? राखणदार?" मला इतका राग आला! मी म्हटलं, "आम्ही काय परके आहोत का वन्सं?" त्या म्हणाल्या, "परके नाही म्हणून तर सांगत्येय. एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई. माझी अक्कल अजून शाबूत आहे." मग एकदम आवाज खाली आणून म्हणाल्या, "घर पाहावं बांधून नि लग्न पाहावं करून म्हणतात ना... लग्न नाही बघितलं. स्वतःचं दार तरी बघू दे." त्यांना निझवा सोडायचं नव्हतं आणि कुणाच्या घरात सामावूनही जायचं नव्हतं. त्यांना फक्त स्वतःचं एक दार हवं होतं. साठी उलटलेल्या, एकट्या बाईला परमुलखात ते कोण देणार, हे मात्र आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.

ते उम्म सालिमनं दिलं. म्हणजे देऊ केलं, पण अट घालून. तिचं शेत निझव्याच्या वर, जबल अख्दरच्या डोंगरात आहे. तिथे हवा थंड, डाळिंबं होतात, गुलाब होतात. तिच्या मुलानं, सालिमनं, पर्यटकांना दाखवायला म्हणून परदेशातून थोड्या अल्पाका आणून ठेवलेल्या. उंटानं मेंढीशी सोयरीक केली असती तर जे लेकरू झालं असतं, तसा हा प्राणी. लांब मान, मोठे डोळे, आणि चेहऱ्यावर "आम्हाला काय विचारता" असा भाव. सालिमला मस्कतला नोकरी लागली आणि जनावरं आईच्या गळ्यात पडली. दर उन्हाळ्याआधी त्यांचे केस कापावे लागत, नाहीतर ती उकडून मरतील. ती कापलेली लोकर गोण्यांत भरून कोठीत पडायची. अर्बाब, म्हणजे मालक, उम्म सालिमचा नवरा, म्हणाला की आता बास, विकून टाका ही जनावरं. उम्म सालिमचा जीव जडलेला. वन्सं तिचं साखरेचं रक्त वर्षानुवर्षं काढायच्या, त्यामुळे तिला ठाऊक होतं की ही बाई काचेखाली काहीही ओळखते. ती म्हणाली, कुमू, तू ही लोकर नीट करून दे. परदेशातली एक छोटी सूतगिरणी नमुने बघायला तयार आहे. गिरणीनं लोकर घेतली तर जनावरं राहतील, तुला शेतावर नोकरी, खोली आणि व्हिसा. नाही घेतली तर अर्बाब म्हणेल तसं. एका हंगामाची मुदत होती, तोवर वन्सं व्हिजिट व्हिसावर राहणार. जनावरं आणि वन्सं एकाच दोरीला बांधल्या गेल्या. हे ऐकून मी कपाळाला हात लावला.

पहिली गोणी वन्संनी टॅक्सीत घालून चक्क आमच्या घरी आणली. मी दारातच आडवी आले. घरात तुटलेले केस असले की भांडणं होतात, हे मला माझ्या आईनं शिकवलेलं. आमच्याकडे केस विंचरून झाले की गुंतवळ लगेच बाहेर, आणि ही बाई गोणीभर केस माझ्या दिवाणखान्यात आणतेय! मी म्हटलं, "वन्सं, केस घरात नकोत." त्या म्हणाल्या, "केस कुठले, लोकर आहे ही. लोकर सोवळ्यात चालते. आजी धाबळी नेसून स्वयंपाक करायची, ती कसली होती? लोकरीचीच ना?" मी म्हटलं, "ती मेंढीची. ही कुणाची? याच्या अंगावर आहे तोवर केस, आणि तुमच्या गोणीत आले की लोकर?" आमचं हे केस की लोकर प्रकरण चहा होईपर्यंत चाललं. हे मध्ये पडायला आले आणि दोघींच्या शिव्या खाऊन आत गेले. आमची ईशा तेव्हा आठवीत. तिनं गोणीत हात घातला आणि म्हणाली, "आत्या, हे खूप सॉफ्ट आहे पण ह्याला स्मेल येतो." बस्स. वन्संनी फर्मान काढलं की आधी धुवायचं.

आणि तिथेच फसलो. मराठी बाईला घाणेरडे केस दिसले की तिचा हात रिठ्याकडेच जातो. बाजारात भारतीय दुकानात रिठे मिळतात. आम्ही ते रात्रभर भिजवले, उकळले, टबात कढत पाणी काढलं आणि दोघी पदर खोचून, दिवाळीच्या पहाटे पोरांना न्हाऊ घालतो तशा त्या लोकरीला चोळचोळून न्हाऊ घालायला बसलो. वरून गार पाण्याच्या दोन बादल्या ओतल्या. पिळायला घेतली तर पिळली जाईना. बोटं आत जाईनात. सगळी लोकर एकमेकांत अशी घट्ट धरून बसली होती की टबातून आम्ही जे बाहेर काढलं ते एक जाडजूड, ओबडधोबड घोंगडं होतं. मी म्हटलं, "घ्या, धाबळी तयार झाली." वन्सं हसल्या नाहीत. टबाच्या काठावर बसून राहिल्या आणि त्या ओल्या गोळ्याकडे बघत म्हणाल्या, "मुदतीतली एक गोणी गेली." तोवर मला हे सगळं म्हातारपणीचं खूळ वाटत होतं. त्यांना ते तसं वाटत नव्हतं, हे त्यांचा चेहरा बघून कळलं.

मग गिरणीतल्या बाईशी रीतसर व्हिडिओ कॉल सुरू झाले. ती शांत होती, पण घोंगड्याचा फोटो बघून ती सुद्धा तोंडावर हात ठेवून हसली. धुवायचं नाही, तिनं पहिल्यांदा हेच सांगितलं. धुणं गिरणीचं काम. तुमचं काम निवडण्याचं. निवडणं हा शब्द ऐकल्यावर वन्संच्या जिवात जीव आला, कारण तांदूळ निवडत तर आमच्या सात पिढ्या गेल्या. शेतावरच्या कोठीत त्यांनी टेबलाएवढ्या लाकडी चौकटीवर जाळी ठोकून घेतली. जनावर कापलं की पाठीवरची लोकर अख्खी चादरीसारखी निघते. ती जाळीवर पसरायची आणि दोन्ही हातांनी हलके हलके उसळवायची. अल्पाका दिवसभर धुळीत लोळतात, त्यामुळे पायलीभर माती खाली पडते. मग कडेकडेनं सुरुवात करायची. गवताच्या काड्या, काटे, लेंड्या काढायच्या. पाठीची लोकर सगळ्यात मऊ, ती एका राशीत. मानेची जरा आखूड, ती दुसऱ्या. पायांची आणि पोटाखालची राठ, ती तिसऱ्या. आणि मऊ लोकरीतही मधूनमधून एखादा जाड, सरळ, आडदांड केस लपलेला असतो, तो चिमटीत धरून ओढून काढायचा, कारण त्या एका केसापायी उद्या कुणाची तरी शाल टोचणार असते. पांढरं जनावर आधी, काळं शेवटी, म्हणजे पांढऱ्यात काळा केस जात नाही. वन्संनी लॅबची शिस्त तिथेही लावली. प्रत्येक पिशवीवर जनावराचं नाव, रंग, रास. राशींना नावं त्यांनी सरळ मराठीत दिली. पाठ, मान आणि तंगडं.

मी शुक्रवारी-शनिवारी, म्हणजे इथल्या सुट्टीला, जायचे. हे गाडी काढायचे, घाटातली चढण चढताना देवाचं नाव घ्यायचे, आणि मी वन्संसमोर बसून निवडायचे. शिकवताना बाई फार कडक. "सुमे, नखं काप आधी, अडकतायत." "सुमे, डोळ्यांनी काय बघत्येस, बोटांनी बघ." मी म्हणायचे, "बोटांना डोळे नाहीत माझ्या." तर माझा हात धरून लोकरीखाली सरकवायच्या आणि म्हणायच्या, "आता डोळे मिट. इथे टोचतंय का? इथे?" आणि खरंच, डोळे मिटल्यावर कळायचं. माझ्या लग्नाला तेव्हा पंधरा वर्षं होऊन गेली असतील, पण नणंदेनं माझा हात असा हातात धरला तो त्या कोठीतच. धुळीनं आमच्या दोघींच्या भुवया पांढऱ्या व्हायच्या. उम्म सालिम दारात उभी राहून म्हणायची, दोन्ही म्हाताऱ्या, यल्ला, चला, कॉफी. मी म्हणायचे, म्हातारी ही एकटी.

पहिल्या पिशव्या गिरणीला गेल्या आणि काही दिवसांनी त्या बाईचा कॉल आला. आम्ही तिघी फोनसमोर खेटून बसलो होतो. ती म्हणाली की वर सगळं सुंदर आहे. मग तिनं 'पाठ' लिहिलेल्या पिशवीत हात घालून मधली लोकर बाहेर काढली आणि टेबलावर पसरून राठ केस एकेक करून बाजूला ठेवायला लागली. बरेच निघाले. हे चुकून आलेलं नाही, ती म्हणाली, हे तंगड्याचं आहे. अशी मिसळ आम्हाला घेता येणार नाही. उरलेला माल पुन्हा निवडून पाठवा, नाहीतर राहू द्या. कॉल संपला. उम्म सालिमला वाटलं कामगारांनी चूक केली असेल, ती उठून त्यांना ओरडायला निघाली. वन्संनी तिचा हात धरला. "मी घातलं," त्या म्हणाल्या.

मुद्दाम घातलं होतं, पण फसवायला नव्हे. त्यांना टाकवलंच नव्हतं. सासूबाई चांगल्या तांदळात मूठभर कणी मिसळायच्या, पुरवठ्याला यावा म्हणून. शिळ्या भाताला फोडणी, विटलेल्या साडीची गोधडी, फुटक्या बादलीत तुळस. त्या घरात वाढलेल्या आणि पुढे ते घर एकटीनं ओढलेल्या बाईला तिसरा हिस्सा लोकर बाजूला काढून ठेवायची म्हणजे पाप वाटत होतं. म्हणून चांगल्याच्या पोटात थोडं थोडं राठ सरकवून दिलं. खपून जाईल, कुणाला कळतंय. आपल्याकडे खपून जातंच की. "टाकवत नाही गं सुमे," त्या मला म्हणाल्या, "कुणाच्या तरी अंगावर उगवलेलं आहे ते, त्याला कचरा कसं म्हणू?" आणि मग उठून हात झटकत म्हणाल्या, "मला नाही जमायचं हे. अविला सांग, तिकीट काढ." मी वन्संना कधी हरलेलं बघितलं नव्हतं. त्यांच्यावर रागवायची मला सवय होती. कीव करायची नव्हती.

उम्म सालिम मात्र तडक बाहेर गेली. तंगड्याची अख्खी गोणी तिनं ओढत ओढत डाळिंबाच्या झाडांपाशी नेली. आम्ही मागे गेलो. तिनं एका झाडाच्या बुंध्याभोवतीची माती हातानं उकरली, राठ लोकर तिथे गोल अंथरली, वर माती लोटली आणि पाणी घातलं. म्हणाली, हे पाणी धरून ठेवतं, उन्हात मुळं जळत नाहीत. माझी सासू शेळीचे केस घालायची. मग मानेच्या राशीकडे बोट दाखवून म्हणाली, त्याच्या उशा होतात, गाद्या होतात. आणि वन्संच्या पाठीवर एक धपाटा घालून तिच्या हिंदीत म्हणाली, "कुमू, फेकने को कौन बोला? मिलाना नहीं, बस." वन्सं त्या झाडाखाली उकिडव्या बसल्या, आणि अंथरलेली लोकर किती तरी वेळ हातानं सारखी करत राहिल्या.

दुसऱ्या दिवसापासून सगळ्या पिशव्या उलट्या केल्या. यांची सुट्टी संपली होती, पण मी ईशाची शाळा सुरू व्हायच्या आत काय होईल तेवढं करायला रोज पहाटे टॅक्सीनं निघून, संध्याकाळी परतून, खेपा घातल्या. वन्सं आता निर्दयपणे काढत होत्या. एकदा निवडता निवडता, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "चांगल्यात लपून राहिल्यानं राठ मऊ होत नाही बघ. ते फक्त चांगल्याला बिघडवतं, आणि त्याचं स्वतःचंही काही उरत नाही. झाडाखाली गेलं की कामाला येतं." मी म्हटलं, "तुम्ही राठ आहात हे मान्य केलंत तर!" त्या हसल्या. पण मला समजलं होतं. आमच्या घरात येऊन राहायला त्यांनी नकार दिला तेव्हापासून माझ्या मनात एक अढी होती, की आपलं घर हिला कमी वाटतं. ती तिथे, त्या धुळीत बसल्या बसल्या सुटली. त्यांना आमच्यापासून लांब जायचं नव्हतंच. आमच्यात मिसळून संपून जायचं नव्हतं, एवढंच.

गिरणीचा होकार आला तेव्हा त्यांनी मला फोन करून आधी नुसतंच ओरडून घेतलं. "लागली! सुमे, नोकरी लागली!" साठी ओलांडल्यावर नोकरी लागल्याचा असा आनंद मी कुणाला झालेला बघितला नाही. पेढे कुठून आणणार, निझव्याचा हलवा वाटला. कोठीला लागून एक खोली होती ती अर्बाबनं रंगवून दिली. त्या खोलीला दार होतं, दाराला कुलूप होतं, आणि किल्ली वन्संच्या कमरेला. महिन्याभरानं आम्हाला रीतसर आमंत्रण आलं, "माझ्याकडे जेवायला या." आम्ही गेलो, दार उघडंच होतं, मी सवयीनं सरळ आत शिरले. त्यांनी मला परत बाहेर काढलं! दाराशी शेळीच्या गळ्यातली घंटा टांगली होती. "वाजव," म्हणाल्या. मी वाजवली. मग आतून आवाज आला, "कोण आहे?" मी म्हटलं, "तुमची भावजय आहे, भुकेली आहे." तेव्हा कुठे, "या, या, बसा," झालं. कुळथाचं पिठलं, भात, सोलकढी. भाऊ पुरे म्हणाला तरी त्या त्याच्या पानात वाढतच राहिल्या. मी बघितलं आणि पटकन पाण्याचा तांब्या शोधायला लागले.

पुढची वर्षं भराभरा गेली. दर उन्हाळ्याआधी कापणी, मग निवडणं. आता शेतावरचे बांगलादेशी कामगारही "पाठ", "मान" म्हणतात, आणि उम्म सालिम तर एखाद्या आगाऊ पाहुण्यालाही खुशाल "तंगडं" म्हणते. वन्सं आणि मी भांडायचं थांबवलं असं मुळीच नाही. मी कढीत साखर जास्त घालते, मी ईशाला मराठी नीट शिकवत नाही, मी फोन लवकर ठेवते... सगळं चालूच होतं. गेल्या वर्षी सांगलीला माझी आई गेली. मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. परत आले तर वन्सं बौशरला आमच्या घरी हजर, किल्ली शेजाऱ्यांकडून घेऊन, मुगाची खिचडी चढवून. दोन दिवस राहिल्या. सांत्वनाचं एक अक्षर बोलल्या नाहीत. जाताना एवढंच विचारलं, "सांगलीत आता कुणी राहणार का गं?" मी म्हटलं, नाही, घर विकणार आहेत. "हं," म्हणाल्या, आणि गेल्या. शेवटची भेट त्यानंतर हिवाळ्यात. चढण चढून आल्यासारखा त्यांना बसल्या जागी दम लागत होता. मी डॉक्टरकडे चला म्हटलं तर म्हणाल्या, "जन्मभर लोकांचं रक्त काढलं, आता माझं कोण काढतंय ते बघते. निघा आता, घाट उजेडात उतरा." तेच शेवटचं. मला राग येतो त्यांचा, अजून येतो. ऐकलं असतं एकदा तर काय बिघडलं असतं!

त्या गेल्यावर यांच्या मनात त्यांना चिपळूणला न्यायचं होतं. उम्म सालिम म्हणाली, "अवि, इधर रहने के वास्ते इतना किया. अभी क्यों भेजता है?" हे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मग मान डोलावली. वन्संना इथेच अग्नी दिला. अस्थी आम्ही इथल्याच खाबुरा गावाच्या किनाऱ्यावर समुद्रात सोडल्या. पलीकडे कोकणच आहे, हे म्हणाले. मी हो म्हटलं.

गेल्या आठवड्यात आम्ही त्यांची खोली रिकामी करायला गेलो. रिकाम्या बॅगा घेऊन गेलो होतो. उम्म सालिमनं कुलूप काढलं आणि दारातच थांबली. आत वन्संची खाट, दोन पातेली, देवाचा फोटो, सगळं जिथल्या तिथे. आणि खिडकीखाली अजून एक खाट. ती मी कधी बघितली नव्हती. हिवाळ्यात आम्ही आलो तेव्हा नव्हती. कोरी गादी, टाके वन्संच्या हाताचे, जवळ जवळ आणि तिरके. मी दाबून बघितली. डोळे मिटले. मानेची लोकर होती, एकही राठ केस नसलेली. मी म्हटलं, "ही कुणाची?" उम्म सालिम म्हणाली, "तेरा." कुमूनं सांगून ठेवलं होतं म्हणे, यावर कुणी बसायचं नाही. सुमाची आई गेली, तिला आता माहेर नाही. यंदा कापणी झाली की तिला इथे राहायला बोलावणार. उम्म सालिमनं तो माहेर शब्द तसाच उच्चारला, अडखळत, अर्थ विचारून पाठ केल्यासारखा. कापणीच्या आधीच वन्सं गेल्या. ज्या बाईनं स्वतःच्या दारासाठी एवढा आटापिटा केला, तिनं दार मिळाल्यावर आत पहिली जागा माझ्यासाठी केली... मी त्या खाटेवर बसले आणि इतके दिवस आलं नव्हतं तेवढं रडू मला तिथे आलं.

यांनी बॅग उघडली होती. पातेली कुठे ठेवू, असं काहीसं विचारत होते. मी म्हटलं, "काही भरू नका. बॅगा परत न्या." ते माझ्याकडे बघत राहिले. मी चपला काढून पाय वर घेतले आणि म्हटलं, "तुम्ही निघा, घाट उजेडात उतरा. आणि दोन दिवसांनी मला न्यायला या."